बसऱ्याला गेलेल्यांची यादी : एका पुस्तकाच्या कामाच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२१

महाड तालुक्यातील ज्या माणसांनी पहिल्या महायुद्धात प्राण गमावले, त्यांची नावानिशी यादी करून तिच्या आधारे पुस्तक लिहिण्याचे काम आज हाती घेतले. मी मराठा लाइट इन्फंट्रीत क्लार्क म्हणून भरती झालो आणि हेड क्लार्क होऊन सुभेदार हुद्द्यावर निवृत्त झालो. लिहायचेच असेल तर आपल्या काळातल्या पलटणीवर लिही, असा आग्रह सोबत्यांनी धरला होता. तो मी मानला नाही. संरक्षण मंत्रालयाने याच वर्षी जूनमध्ये युद्धेतिहासाविषयीचे धोरण जाहीर केले आणि पंचवीस वर्षांपेक्षा जुने दस्तऐवज तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यावेत असे त्यात म्हटले आहे, पण ते कागद वाचकाच्या टेबलावर प्रत्यक्ष केव्हा येतील याचा भरवसा धरून पुस्तक आखता येत नाही. कागदाशिवाय लिहिले तर त्या आठवणी होतील, आणि हेड क्लार्कच्या आठवणींत रजेचे अर्ज फार असतात.

शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धाचे कागद बरेचसे खुले आहेत. शिवाय काम आता केले नाही तर पुढे करता येणार नाही असे दिसते, कारण २२ जुलैच्या पुरात महाडच्या बाजारपेठेबरोबर सावित्रीकाठच्या घरांतील ट्रंकाही बुडाल्या आणि पेन्शनची पुस्तके, पत्रे, फोटो यांचा लगदा झाला. पुरानंतर चिखल काढायला गेलो असताना एका घरात असा लगदा उकिरड्यावर टाकलेला पाहिला होता.

कामाची मर्यादा अशी ठरवली : तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड तालुका, काळ १९१४ ते १९२१, आणि फक्त मृत. परत आलेल्यांची यादी करणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. यश मिळवलेल्यांची नोंद लोक स्वतःहून ठेवतात; शेजारच्या माणगावला दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. माझा विषय त्यांच्या आधीच्या युद्धातील आणि पुतळ्याच्या वाटेला न गेलेल्या माणसांचा आहे.

५ डिसेंबर २०२१

सुरुवात पाट्यांपासून केली. युद्धानंतर सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या, त्या कोकणात आणि घाटावर आजही शाळेच्या, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत सापडतात. मजकूर जवळपास सगळीकडे सारखाच असतो : या गावातून १९१४–१९१९ च्या महायुद्धास इतके पुरुष गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचेही नसते. त्यामुळे पाटी हा आपला ताळा आहे, यादी नव्हे, हे आरंभीच वहीत लिहून ठेवले.

एसटीचा संप चालू असल्यामुळे सगळे फिरणे मोटारसायकलवर झाले आणि पेट्रोलचा खर्च अंदाजाच्या दुपटीवर गेला. खरी अडचण मात्र रंगाची आहे. दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी शाळेच्या भिंतीबरोबर पाटीलाही हात बसतो आणि कोरलेली अक्षरे ऑइलपेंटने भरली जातात. एका पाटीवर पेंटरने इंग्रजी तीनचा आठ केलेला आहे, आणि त्या गावात गेली कित्येक वर्षे आठ हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. दुसऱ्या गावी उत्साही तरुणांनी पाटी तारेच्या ब्रशने घासून ठेवल्यामुळे आकड्याच्या कडाच गेल्या.

जे उपयोगी पडले ते असे. पाटीला हात न लावता संध्याकाळी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश पाडावा. कोरीव खाचेची सावली पडते आणि रंगाखालचा मूळ आकडा दिसतो. चारही बाजूंनी प्रकाश टाकून चार फोटो घ्यावेत. आम्ल, वाळू, पावडर यांपैकी काहीही वापरू नये.

पाटीवरच्या ‘गेलेल्या’ आकड्यात लढणारे शिपाई तेवढेच असतात असे धरू नये. खेचरे हाकणारे, पखालवाले, स्वयंपाकी, मजूर अशी ‘फॉलोअर’ म्हणून नोंदलेली माणसेही युद्धावर गेली होती आणि गावाने आकडा सांगताना त्यांना धरले असणे अगदी शक्य आहे. पलटणीच्या यादीत त्यांना शोधणे व्यर्थ आहे.

२० जानेवारी २०२२

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदी उतरवून घेतल्या. हा कामाचा कणा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि समाधी नसलेल्या सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसांचे स्मरण केलेले आहे. परंतु गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आणि हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा, अशी त्याची रचना. नावे वेगळ्या नोंदवहीत राहिली. आयोगाने एप्रिल २०२१ च्या अहवालात ही विषमता मान्य करून माफी मागितली. स्मारकही मूळ जागी नाही : सद्दाम हुसेनच्या हुकमाने १९९७ मध्ये ते मकीलच्या गोदीजवळून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. नोंदवहीतील नावे मात्र आता घरबसल्या शोधता येतात, आणि कित्येक नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो.

पहिला प्रयत्न गावाच्या नावाने शोधण्याचा केला, तो फसला. गावाचे नाव शिपायाने उच्चारले, कारकुनाने ऐकले, इंग्रजीत लिहिले, पुढे कोणीतरी टंकले आणि शंभर वर्षांनी कोणीतरी संगणकात भरले. एवढ्या हातांतून गेल्यावर ‘महाड’ हा तालुकाच ‘महार’, ‘म्हाड’, ‘मुहाद’ अशा रूपांत येतो. ‘महार’ असे लिहिलेले दिसले की ते तालुक्याचे नाव आहे की जातीचे, हे त्या रकान्यावरून ठरवता येत नाही. १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली होती आणि युद्धानंतर काही वर्षांतच मोडली गेली, त्यामुळे हा प्रश्न केवळ वर्तनीचा राहत नाही. ‘खेड’ लिहिलेले असेल तर जिल्हा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण एक खेड रत्नागिरीत आहे आणि एक पुण्यात.

आडनावांची अवस्थाही तीच. जाधव ‘जाडू’ होतात, कदम ‘कुडम’ होतात, चव्हाणांचे निम्मे लोक राजपूत होऊन बसतात. येथे नोकरी उपयोगाला आली. भरतीच्या रांगेत मी स्वतः नावे लिहून घेतलेली आहेत आणि दमलेला कारकून काय ऐकतो हे मला ठाऊक आहे : शब्दाचा आरंभ तो नीट पकडतो, मधला भाग अंदाजाने भरतो आणि शेवट स्वतःच्या सवयीने करतो. म्हणून आडनावाची पहिली दोन व्यंजने कायम ठेवून बाकीचे सैल सोडायचे, अशा रीतीने शोध पुन्हा केला आणि हाती लागणाऱ्या नोंदी पुष्कळच वाढल्या.

सोबत एक नियम : त्या काळी शिपायाचा क्रमांक पलटणीपुरताच असे. एकच क्रमांक १०३ व्या पलटणीतही असतो आणि ११७ व्या पलटणीतही. क्रमांक आणि पलटण यांचा जोड हीच ओळख धरावी. माझ्या एक्सेलच्या पहिल्या तक्त्यात नुसता क्रमांक हा मुख्य रकाना होता. तो तक्ता टाकून नवा करावा लागला आणि त्यात जवळजवळ महिना गेला.

६ मार्च २०२२

लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातून युद्धदैनंदिन्या, म्हणजे प्रत्येक पलटणीने युद्धकाळात ठेवलेल्या रोजच्या नोंदी, उतरवल्या. नाव नोंदवल्यावर डिजिटल प्रती विनाशुल्क मिळतात, त्यामुळे येथे वेळेखेरीज खर्च झाला नाही.

आपल्या भागातील बहुतेक नोंदी तीन पलटणींच्या आहेत : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. तिन्ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये, पण तीन वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये होत्या. ११७ वी सोळाव्या ब्रिगेडबरोबर नोव्हेंबर १९१४ मध्येच शत्त-अल-अरबच्या मुखाशी उतरली. मग बसरा, एप्रिल १९१५ मध्ये शैबा, सप्टेंबरअखेर कुट आणि २२ नोव्हेंबरपासून टेसिफॉन, ज्याला स्थानिक लोक सलमान पाक म्हणतात. तेथून माघार आणि ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तुर्कांनी घातलेला कुटचा वेढा, जो शरणागतीने संपला.

दैनंदिनीत शिपायाचे नाव शोधायला जाणाऱ्याची निराशा होते. जखमी गोऱ्या अधिकाऱ्याचे नाव असते, हिंदी अधिकाऱ्याचे कधी असते कधी नसते, आणि बाकीच्यांसाठी ‘अदर रँक्स : इतके ठार, इतके जखमी’ एवढीच ओळ. मला त्याचा राग आला नाही. लढाईच्या रात्री कंदिलाजवळ बसून लिहिणाऱ्या अॅडज्युटंटला, म्हणजे पलटणीचा कागदोपत्री कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, पुढच्या सकाळी किती बंदुका उभ्या राहतील हे ठरवायचे होते, आणि त्याने आपल्या कामापुरते लिहिले. कागद कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला हे पाहिल्यावर तो काय सांगू शकेल आणि काय सांगणार नाही, हे आपोआप स्पष्ट होते.

दैनंदिनी वापरायची ती तारखेसाठी. यादीतील मृत्यूची तारीख आणि पलटण घेऊन दैनंदिनीत त्या दिवशी पलटण कुठे होती ते पाहायचे. मात्र हताहतांच्या यादीतील तारीख घटनेची असते की अहवालाची, हे तपासावे. टेसिफॉननंतरच्या माघारीत हजेरी घेणेच काही दिवस शक्य नव्हते, त्यामुळे लढाईत पडलेला माणूस कागदावर चार दिवसांनी मेलेला असू शकतो. आमच्या वेळीही कॅज्युअल्टीचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे शिपायाच्या नोंदीतला बदल कळवणारा कचेरीचा हुकूम, निघायला दिवस लागत असत, आणि आम्ही तर छपराखाली बसलेलो होतो.

कुटनंतरच्या कैद्यांच्या तारखांवर तर अधिकच कमी विश्वास ठेवावा. ज्यांचे काय झाले हे कोणालाच माहीत नव्हते, त्यांना फाइल बंद करण्यासाठी मृत मानावे लागले. अशी तारीख कचेरीत ठरलेली असते. पुस्तकात अशा तारखांपुढे ‘मानीव’ हा शब्द घालणार आहे.

१९ जून २०२२

तीन महिने अडकलेले काम आज सुटले, आणि सुटले ते लष्करी कागदांमुळे नव्हे.

यादीतला माणूस खरोखर आपल्या तालुक्यातलाच आहे, हे गावाकडून सिद्ध करायला कागद हवा होता. प्रथम कोतवाल बुके पाहिली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्या धुंडाळतात, म्हणून त्यांची स्थिती त्यातल्या त्यात बरी आहे. पण मेसोपोटेमियात मेलेल्या माणसाची मृत्यूनोंद गावात होण्याचे कारणच नाही. बरेच दिवस घालवून झाल्यावर हे ध्यानात आले. उलट, जन्म आहे आणि मृत्यू कुठेच नाही, एवढा पुरावा तेथून मिळतो, आणि तोही पूरक म्हणूनच वापरावा.

मग जुने फेरफार मागितले. माणूस मेला की त्याच्या नावावरची जमीन वारसाच्या नावावर चढते आणि त्यासाठी तलाठ्याला फेरफाराच्या वहीत कारण लिहावे लागते. हक्कनोंदणीच्या सुरुवातीच्या वर्षांतले, म्हणजे साधारण १९१६ ते १९२२ चे फेरफार पाहिले तेव्हा अमुक खातेदार ‘लढाईत मयत’, ‘पलटणीत मयत’, ‘बसऱ्याकडे मयत’, वारस बायको किंवा भाऊ, अशा नोंदी मिळू लागल्या. लष्कराने ज्याचे नाव कसेबसे लिहिले, त्याचे संपूर्ण नाव, बापाचे नाव आणि सर्व्हे नंबर तलाठ्याने व्यवस्थित लिहून ठेवले आहे, कारण येथे जमिनीचा प्रश्न होता. तिघा भावांची नावे खात्यावर असतील तर कोणता भाऊ गेला हेही कळते.

या वाटेवरच्या अडचणी अशा आहेत. पहिली, मोडी. पुष्कळ नोंदी मोडीत आहेत. मी मोडी शिकायला बसलो, पण छापील मोडी वाचता येणे आणि घाईत लिहिलेली तलाठ्याची मोडी वाचता येणे यांत मोठे अंतर आहे. शेवटी जाणकाराला पानामागे दोनशे रुपये देऊन वाचून घेतले. दुसरी, परवानगी. अभिलेख कक्षात ‘इतिहासासाठी’ असे कारण लिहिलेला अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहिला. मग गाव, वर्ष आणि फेरफार क्रमांकाचा अंदाजे टप्पा घालून नकलांचा साधा अर्ज केला आणि ठरलेली फी भरली, तेव्हा काम झाले. कारकुनाला त्याच्या नमुन्यात बसणारा अर्ज द्यावा. हे मला इतरांच्या आधी सुचायला हवे होते.

तिसरी अडचण मोठी आहे आणि तिच्यावर उपाय नाही. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याचा फेरफार नाही. कुळे, बलुतेदार, गावकुसाबाहेरची माणसे आणि धाकटे भाऊ या वाटेने सापडत नाहीत. पाटीवरचा आकडा आणि माझी नावे यांत जी तूट राहते, ती बहुतेक अशाच घरांची असावी असा माझा कयास आहे. म्हणून प्रत्येक गावाच्या यादीखाली सापडलेल्या नावांबरोबर न सापडलेल्यांची संख्याही छापायची, असे ठरवले.

२८ ऑगस्ट २०२२

पदके. शिपायाच्या घरी तीन असू शकतात : १९१४-१५ चा तारा, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. ताऱ्याच्या पाठीवर आणि बाकी दोघांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण असते. मृताच्या घरी काशाची मोठी गोल ढालही पाठवली जाई. तिच्यावर नाव असते, पण क्रमांक आणि पलटण नसते, त्यामुळे एकट्या ढालीवरून माणूस निश्चित होत नाही. मजूर तुकड्यांना वॉर मेडल चांदीऐवजी काशाचे मिळाले, म्हणून पदकाच्या धातूवरूनही तो माणूस कोणत्या कामावर होता याचा अंदाज येतो.

पुष्कळ घरांतून पदके मोडीत गेली आहेत. “भांडी देताना तेही दिलं, त्याचं काय करायचं होतं?” असे एका आजींनी सांगितले, आणि त्यांना उत्तर देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. जी उरली त्यांतील काहींची कड गुळगुळीत झालेली आहे, कारण घरातील पुढच्या पिढीतल्या फौजींनी ती दर प्रजासत्ताक दिनाला ब्रासोने चमकवली. तेथेही पाटीचाच उपाय चालतो : बाजूने प्रकाश, मोबाइलला जोडायची स्वस्त भिंगाची काच, आणि पदक हळूहळू फिरवत घेतलेला व्हिडिओ. मालकाच्या हातातून पदक घेऊ नये, त्यांनाच धरायला सांगावे. ‘बघतो आणि परत देतो’ म्हणून नेलेली वस्तू परत न आल्याच्या तक्रारी मी बऱ्याच घरांत ऐकल्या.

१५ जानेवारी २०२३

लेखनाला सुरुवात करून कुटचे प्रकरण पूर्ण केले आणि महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंना वाचायला दिले. प्रकरण परत आले तेव्हा समासात जागोजागी एकच प्रश्न होता : “हे तुम्हाला कोणी सांगितले?” ‘मराठे सिंहाप्रमाणे तुटून पडले’, ‘उपाशीपोटीही धैर्य खचले नाही’, ही सगळी वाक्ये मी पलटणीच्या स्थापनादिनाची भाषणे लिहिताना वापरलेली होती आणि ती हाताला इतकी सरावलेली होती की कागदाशिवाय लिहिली जात होती.

घोड्याच्या मांसाचा भाग त्यांनी पूर्ण खोडला. वेढ्यात धान्य संपत आले तेव्हा घोडी आणि खेचरे मारून मांस देण्यात आले. ब्रिटिश शिपायांनी ते खाल्ले, हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत नाकारले आणि त्यांच्यात स्कर्व्ही हा जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार पसरला. मी या नकाराचे धर्मनिष्ठा म्हणून कौतुक केले होते. बाईंचे म्हणणे असे, की हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती मागवली गेली होती आणि अखेरीस अनेकांनी मांस खाल्लेही, तर एकाच प्रकरणात दोन्ही गोष्टी कशा बसतात? विचार केल्यावर मला माझ्या नोकरीतला अनुभव आठवला : लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, एखादा पदार्थ सोडण्याचा निर्णय शिपाई एकट्याने घेत नाही, आपण खाल्ले असे गावी कळले तर काय होईल, हे तो शेजारी बसलेल्या गाववाल्याकडे बघून ठरवतो. एकाच तालुक्यातली माणसे एकाच कंपनीत भरलेली असताना ही भीती किती मोठी असेल! तरीही हा माझा तर्क आहे, म्हणून तो ‘लेखकाचा तर्क’ असे स्पष्ट लिहून एका परिच्छेदात ठेवला आणि कौतुक काढून टाकले.

शरणागतीनंतरचा भाग मात्र विस्ताराने लिहिला. नोकरांसह सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली. कुटमधील फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावरील घरात सुखाने राहिले. शिपायांना बगदादपर्यंत आणि समर्राच्या पुढे मोसुलवरून रास-अल-ऐनपर्यंत चालवत नेऊन रेल्वेच्या कामाला लावले गेले. आपल्या यादीतील ‘मानीव’ तारखांच्या माणसांपैकी कित्येक याच वाटेवर पडली असणार, पण कोण कुठे पडले हे सांगणारा कागद नाही. येथे नकाशा छापला आणि मजकूर थांबवला. नकाशासाठी मुक्कामांची अंतरे मांडताना माझा पायदळाचा अनुभव उपयोगी पडला. उन्हाळ्यात पाण्याविना एका दिवसात किती चालता येते, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

९ एप्रिल २०२३

मृत्यूच्या कारणाचा रकाना ठेवावा की नाही, यावर आज एका घरी वाद झाला. त्या घराच्या समजुतीप्रमाणे पणजोबा टेसिफॉनच्या लढाईत संगिनीने लढत मेले. दैनंदिनी आणि नोंद एकत्र ठेवली असता ते लढाईनंतर काही महिन्यांनी, बसऱ्याच्या बाजूला, आजाराने गेलेले दिसतात. “सुभेदार, तुम्ही फौजी असून असं लिहिणार?” असे पणतवाने विचारले.

मी त्यांना मेसोपोटेमिया कमिशन या ब्रिटिश चौकशी आयोगाच्या १९१७ च्या अहवालाची हकिकत सांगितली : जखमींना स्ट्रेचर नाहीत, बोटींवर जुलाब झालेली माणसे एकमेकांच्या अंगावर पडलेली, औषधांचा आणि डॉक्टरांचा तुटवडा, आणि या गलथानपणामुळे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्या आजाराचा दोष शिपायाकडे जात नाही, त्याला तेथे नेणाऱ्यांकडे जातो. ते पटले की नाही कोणास ठाऊक, पण रकाना ठेवायला त्यांनी हरकत घेतली नाही. मात्र घरची हकिकतही छापावी अशी अट घातली. ती योग्य वाटली. आता प्रत्येक नोंदीखाली ‘कागदावरून’ आणि ‘घरच्यांकडून’ असे दोन भाग आहेत, आणि त्यांची सरमिसळ होत नाही.

याच फेरीत आणखी एक समजूत भेटली, की आपल्या गावची सगळी नावे दिल्लीच्या इंडिया गेटवर आहेत. ते स्मारक सत्तर हजार मृतांचे आहे, परंतु त्यावर कोरलेली नावे तेरा हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांत वायव्य सरहद्द व १९१९ चे अफगाण युद्ध यांतली पुष्कळ आहेत. बसऱ्याकडे गेलेल्याचे नाव तेथे शोधण्यासाठी दिल्लीचे तिकीट काढू नये.

२० ऑगस्ट २०२३

अक्षरजुळणीने दीड महिना खाल्ला. मी युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर अक्षरजुळणी करणाऱ्याने आपल्या जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित केला, आणि रूपांतरात अर्धा र उडाला. ‘बसऱ्याला’, ‘कऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘गोऱ्या’ हे शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळ्या तऱ्हेने मोडले, आणि या पुस्तकात ‘बसऱ्याला’ हा शब्द पानोपानी आहे. शोधून-बदलून काम झाले नाही, कारण एकाच शब्दाची मोडतोड एकसारखी नव्हती. शेवटी संपूर्ण मजकूर युनिकोड फॉन्टमध्येच नव्याने लावून घेतला. पानामागे चाळीस रुपयांचा दर दुसऱ्यांदा मोजला. ठरवतानाच ‘युनिकोडमध्येच मांडणी’ असे लिहून घ्यावे आणि आधी एक नमुना पान छापून पाहावे.

तक्त्यांचे मुद्रितशोधन स्वतः केले. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील प्रत बोट ठेवून पाहायची, ही कचेरीची जुनी पद्धत येथेही खात्रीची ठरली. सौभाग्यवतींनी वाचन केले आणि क्रमांकांतल्या चुका मला दिसण्याआधी त्यांच्या कानांना कळल्या.

१० डिसेंबर २०२३

पुस्तक छापून आले. डेमी आकार, २८८ पाने म्हणजे सोळा पानांचे अठरा फर्मे, पाचशे प्रती, कागदी बांधणी. छपाई आणि बांधणी मिळून ऐंशी हजारांच्या थोडे वर गेले. दोनदा झालेली अक्षरजुळणी, मोडी वाचन, नकलांची फी, नकाशा, मुखपृष्ठ आणि पेट्रोल धरून एकूण खर्च दीड लाखाच्या पुढे आहे. छपाईची आगाऊ रक्कम ओआरओपीच्या, म्हणजे ‘वन रँक वन पेन्शन’च्या, थकबाकीच्या हप्त्यांतून भागली. प्रकाशकाचा शोध घेतला होता, पण एका तालुक्याच्या मृतांच्या यादीला बाजार नाही हे त्यांनी सभ्यपणे सांगितले आणि ते बरोबरही होते.

स्वतः प्रकाशित करणाऱ्यांसाठी : आयएसबीएन क्रमांक ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईतील एशियाटिकचे ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात. हा टपालखर्च अंदाजपत्रकात धरावा. किंमत अडीचशे ठेवली. ज्या घरांनी कागद दाखवले त्यांना एकेक प्रत भेट द्यायची आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे आधीच ठरले होते.

२३ जून २०२४

पुस्तक निघाल्यावर जी पत्रे आणि फोन येतात, तो कामाचा दुसरा भाग आहे आणि त्यासाठी वेगळी वही घालावी. बहुतेक दुरुस्त्या गावाच्या वाडीच्या नावांच्या आहेत. दोन गावांतील घरांनी एकाच शिपायावर हक्क सांगितला आहे. दोघांकडे नाव, बापाचे नाव आणि आडनाव सारखे आहे आणि पदक कोणाकडेच नाही. ती नोंद दुरुस्तीपत्रात ‘वादग्रस्त’ या शीर्षकाखाली हलवली आणि दोन्ही गावांची नावे छापली.

आठ हुतात्मे मानणाऱ्या गावात पुस्तकाप्रमाणे तीनच आहेत, यावरून ग्रामसभेत चर्चा झाल्याचे कळले. मी पाटीचे चारही फोटो सरपंचांना दिले आहेत; निर्णय त्यांचा आहे.

दुरुस्तीपत्र एका फर्म्याचे झाले असून ते शिल्लक प्रतींत घालण्याचे काम चालू आहे. पुढचे काम पोलादपूरकडील गावांचे आहे. त्यासाठी फेरफारांच्या नकलांचे अर्ज गेल्या आठवड्यात भरले. या वेळी लष्करी नोंदींआधी तलाठ्याच्या वह्या पाहणार आहे, म्हणजे आडनावांचे खरे रूप हाती घेऊनच इंग्रजी यादीत शिरता येईल.